चिनी बाळंतीण, ओरोमो सुईण आणि माझी वऱ्हाडी

आईच्या मांडीवर जे फुकट मिळतं ते मोठ्या माणसांना शिकवायचा धंदा मी बरीच वर्षं केला. दिवसा यवतमाळच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि संध्याकाळी मिशनच्या दवाखान्यात परदेशाहून आलेल्या लोकांना मराठी बोलायला शिकवायचे. या कामाला तिथे मुन्शी म्हणत. माझ्याआधीचे मुन्शी काळी टोपी घालून येत आणि दारातूनच खाकरत. मी बाई. मला मुन्शी म्हणावं की मुन्शीण, हे कोणालाच ठरवता येईना, म्हणून सगळ्यांनी 'बाई'वरच निभावून नेलं.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना वाटतं, भाषा शिकवणं म्हणजे शब्द शिकवणं. शब्द काय, बाजारातली भाजीवालीही शिकवते. मोठ्या माणसाची आधी लाज मोडावी लागते. आपल्या मुलखात जो डॉक्टर म्हणून मिरवला, तो इथे येऊन पोरासारखा 'मला पाणी पाहिजे'वर अडखळतो, तेव्हा त्याचं तोंड शिवल्यासारखं होतं. म्हणून मी 'हे पुस्तक आहे'पासून कधी सुरुवात केली नाही. पुस्तक आहे हे त्याला दिसतंच आहे. मी हुकूम शिकवायची: ऊठ, बस, थांब, इकडे ये, हात दे. हुकुमाला लाज नसते. आणि दवाखान्याचं निम्मं काम हुकुमावर चालतं.

मिशनचं क्रमिक पुस्तक मात्र पुण्याकडचं होतं. त्यात 'मला वेदना होत आहेत' असं वाक्य होतं. आमच्याकडे वेदना फक्त पुस्तकालाच होत. बायांचं नुसतं दुखून राह्यलेलं असे. मी दोन्ही शिकवायची. एक परीक्षेला, एक पेशंटला.

साठ सालाच्या सुमारास माझ्याकडे दोघी आल्या. शिकवणाऱ्याला असे दोन विद्यार्थी जन्मात एकदा मिळतात.

पहिली अयांतू. इथियोपियाची, तिथल्या ओरोमो लोकांपैकी. मिशननेच तिला नर्सिंग शिकवून सुईणपणासाठी इकडे पाठवलं होतं. उंच, काळीसावळी, हसली की सगळा वॉर्ड वळून बघे. 'अयांतू' म्हणायचा कंटाळा म्हणून पेशंट बायांनी तिचं आठवड्याभरात 'आनंदी सिस्टर' करून टाकलं. मराठीची परीक्षा पास झाली की तिला मुकुटबनकडच्या मिशनच्या छोट्या दवाखान्यावर एकटीला धाडायचं ठरलं होतं.

दुसरी सू-इंग. यवतमाळच्या बाजारात चेन म्हणून एक चिनी दातांचे डॉक्टर होते. दाराशी रंगवलेल्या कवळीची पाटी आणि आत एक फिरती खुर्ची. हिंदी झकास बोलत, दात काढताना 'बस हो गया, हो गया' म्हणत आणि खरोखरच झालेलं असे. सू-इंग त्यांची बायको. कलकत्त्याच्या चिनी वस्तीत राहिल्यामुळे तिला दुसऱ्या भाषेचं कधी काम पडलं नव्हतं. यवतमाळात येऊन ती मागच्या खोलीत गप्प बसून राहिली. अखेर चेन डॉक्टर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाईजी, वो दीवार से बात करती है. आप कुछ सिखा दो."

मी दोघींना एकत्रच बसवायचं ठरवलं, कारण माझा वेळ वाचणार होता. चेन डॉक्टरांच्या मागच्या खोलीत चटई टाकली आणि पहिल्याच दिवशी मला कळलं की यात वेळ वाचायचा नाही.

एकीच्या तोंडात 'ब' नव्हता, दुसरीच्या तोंडात 'प' नव्हता. सू-इंग मला 'पाई' म्हणे आणि अयांतू पाण्याला 'फाणी' म्हणे, तेही खालचा ओठ दातात धरून. मी सू-इंगला म्हणायची, "हिच्या ओठांकडे बघ." आणि अयांतूला म्हणायची, "तिच्याकडे बघ." दोघी समोरासमोर बसून एकमेकींना 'पा' आणि 'बा' करत. बाहेर खुर्चीवर बसलेल्या पेशंटला काय वाटत असेल कोण जाणे.

अयांतूची भाषा आपल्याला जवळची वाटावी अशी. क्रियापद शेवटी येतं, तो आला आणि ती आली यांची रूपं निराळी, मोठ्या माणसाला अहो-जाहो. वाक्याचा सांगाडा तिच्याकडे तयारच होता, तिने फक्त मराठी शब्द चढवले. पण मधूनच तिच्या घशात सुपारी फुटल्यासारखा 'टक्' आवाज होई. मी तसा आवाज काढायला गेले तर मला ठसका लागला.

सू-इंगच्या भाषेत मात्र क्रियापदाला काही फुटतच नाही. काल जा, आज जा, उद्या जा. तो, ती, ते सगळं तोंडाने एकच. त्यामुळे ती चेन डॉक्टरांना 'ती आला' म्हणे आणि मांजरीलाही तेच. मला आधी ही भाषा गरीब वाटली. मग एके दिवशी तिने मला एकच 'मा' चार तऱ्हांनी म्हणून दाखवला: सपाट, चढता, बुडून वर येणारा, आणि आपटलेला. एकात आई, एकात घोडा, आणि शेवटच्यात शिवी देणं. आपण रूपं बदलतो तिथे ती सूर बदलत होती. मी तिला गरीब म्हटलं ते मनातल्या मनातच परत घेतलं. अयांतू मात्र हसत सुटली, कारण तिला चारही वेळा आईच ऐकू आली होती.

नात्यांच्या शब्दांपाशी दोघी एकदम माझ्या बाजूला आल्या. मिशनच्या गोऱ्या लोकांकडे काका, मामा, मावसा सगळे एकाच शब्दात बसवतात. मी 'मामा' शिकवला तेव्हा सू-इंग म्हणाली, "जिउजिउ." अयांतू म्हणाली, "एस्सुमा." दोघींकडे आईच्या भावाला वेगळा शब्द होता. त्या दिवशी धडा तिथेच थांबला. अयांतूचा मामा तिला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचा. सू-इंगचा मामा लढाईत हरवला होता. माझा मामा नेरला आहे आणि भांडखोर आहे, असं मी सांगितलं.

अयांतूने एकदा सांगितलं की तिची भाषा शाळेत बोलायची चोरी होती. शाळा राजाच्या भाषेत, घर आपल्या भाषेत. माझ्या वर्गातही कोलाम आदिवासींच्या दोन मुली होत्या. त्या वर्गात गप्प असत आणि शाळेमागच्या आवळ्याखाली घडाघडा बोलत. दुसऱ्या दिवसापासून मी मधल्या सुट्टीत त्या आवळ्याखाली जाऊन बसू लागले.

परीक्षेत अयांतू पहिल्या खेपेला नापास झाली. परीक्षक पुण्याकडचे. त्यांनी विचारलं, "आपण इकडे का आलात?" ती मोठ्या प्रेमाने म्हणाली, "कायले इचारता जी? काम करून राह्यली ना मी." त्यांनी काट मारली. मला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण ती फुली माझ्यावर होती. दुसऱ्या खेपेला ती पुस्तकातल्यासारखी बोलली आणि पास झाली. मुकुटबनला जायचं हिवाळ्यानंतर ठरलं.

बासष्टच्या पावसाळ्यात सू-इंगला दिवस असल्याचं कळलं. चेन डॉक्टर आनंदाने कवळीची पाटी नव्याने रंगवायला बसले. सू-इंग मात्र पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसू लागली. एक दिवस मी चिडून म्हटलं, "काय वं, बोलत काहून नाही?"

तेव्हा ती बोलली. तुटक, एकेक शब्द सुटा. "दोन होते. कलकत्ता. दोन. महिना नाही. नाव नाही."

चेन डॉक्टरांनी नंतर मला उलगडून सांगितलं. त्यांच्याकडे मूल महिन्याचं झाल्यावर नाव ठेवतात. तोवर बाळंतीण घराबाहेर पडत नाही, वारा लागू देत नाही, गार पाण्याला हात लावत नाही. महिना पुरा झाला की अंडी लाल रंगवून वाटायची आणि नाव सांगायचं. तिची दोन्ही मुलं महिन्याच्या आत गेली. त्यामुळे त्यांना नावच नव्हतं, आणि नाव नसलेल्या मुलाची आठवण तरी कशी काढायची, हे तिला समजत नव्हतं. दोन्ही वेळा घरात करणारं कोणी नव्हतं, तिला नळावर जावं लागलं होतं. तिची खात्री होती की महिना मोडला म्हणून मुलं गेली. तिला तिसऱ्याचा महिना पुरा करायचा होता. बाकी काही नको होतं.

हे ऐकून माझी माय उठली. आम्ही छप्पन्न साली दीक्षा घेतलेली माणसं. चिनी माणूस म्हणजे हजारो वर्षांचा बौद्ध, असं मायने परस्पर ठरवून टाकलं होतं. चेन डॉक्टरांना ती आमच्या विहारात वंदनेला घेऊन गेली होती. त्यांना एक अक्षर येत नव्हतं. पण ते इतक्या खाली वाकले की सगळी वस्ती म्हणाली, बघा, मुरलेला माणूस! ते घरी आल्यावर मला हळूच म्हणाले, "बाईजी, मेरी दादी को सब आता था. मुझे सिर्फ दाँत आता है."

माय म्हणाली, "महिना कायचा? आमच्यात सव्वा महिना बसवतेत. मी पाहतो कोन हात लावते गार पान्याले." अयांतू म्हणाली, तिच्याकडे बाळंतिणीला लोणी घातलेली लापशी खाऊ घालतात, आणि अंगावर मांस चढल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. तिघींचं या बाबतीत इतकं जमलं की मला कोणाला काही शिकवायला उरलं नाही.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने केली. मी अयांतूला आणि सू-इंगला बाळंतपणाचे हुकूम घोकवले. सू-इंग चटईवर आडवी, अयांतू पायाशी. "जोर लाव!" "जोर नको लावू!" "फू-फू कर!" पुन्हा, पुन्हा. एकदा बाहेरच्या खुर्चीत दिग्रसचे एक जाडजूड व्यापारी दात काढायला बसले होते. आतून अयांतूचा खणखणीत "जोर लाव!" ऐकून त्यांनी खुर्चीच्या हातांना धरून खरोखर जोर लावला. चेन डॉक्टर म्हणत, असा सोपा दात मी जन्मात काढला नाही.

मग लढाई लागली. रेडिओवर दिवसभर चीन, चीन. बाजारातली माणसं चेन डॉक्टरांच्या पायरीवर चढेनाशी झाली. दुखरा गाल धरून माणूस पार अमरावतीला जाई, पण समोरच्या खुर्चीत बसत नसे. कोणीतरी पाटीवर डांबर फासलं. आमच्या शेजारणीने मायला विचारलं, "त्या चिनीणीकडे काहून जातं वं?"

माय म्हणाली, "लढाई सरकारची हाय. बाळंतीन माही हाय."

हुकूम आला की चिनी माणसांनी गावाबाहेर जायचं नाही आणि दर सोमवारी नवरा-बायकोंनी ठाण्यात जातीने हजर व्हायचं. एक सोमवार सू-इंग भरल्या पोटाने गेली. पुढच्या सोमवारच्या आत, एका दुपारी, ती अडली.

लोक म्हणतात, मायेला भाषा लागत नाही. म्हणणाऱ्यांनी ती दुपार बघायला हवी होती. माया खोलीत भरपूर होती. मायकडे होती, माझ्याकडे होती. डोकं दिसू लागलं तेव्हा अयांतूच्या बोटांना लागलं की नाळेचा फास मानेला बसला आहे. सू-इंग अर्धीच शुद्धीवर होती, ती जीव खाऊन जोर लावत होती. चेन डॉक्टर दाराबाहेर, त्यांना आतलं दिसत नव्हतं. त्या घटकेला मायेने काय केलं असतं?

अयांतूने मान वर केली आणि माझ्या वऱ्हाडीत ओरडली, "थांब! जोर नको लावू! फू-फू कर, सू-इंग, फू-फू!"

सू-इंग थांबली. इतक्या कळा चालू असताना बाई कशी थांबते, हे ज्या बाळंत झाल्या आहेत त्यांनाच कळेल. ती ओठांचा चंबू करून फुंकत राहिली, डोळे अयांतूवर. अयांतूने फास सैल करून डोक्यावरून काढला आणि म्हणाली, "लाव आता."

मुलगी झाली. आधी निळसर, मग तांबडी, मग संतापलेली. मी कोपऱ्यात बसून रडले. एक चिनी आणि एक ओरोमो, मध्ये हजारो मैल. माझ्या भाषेने तेवढं अंतर त्या खोलीत पार केलं होतं, आणि ती भाषा त्यांना मी दिली होती. एवढा अभिमान मला कुठल्याही बक्षिसाचा झाला नाही.

पण सोमवार यायचाच होता. सू-इंगने बाळाला छातीशी धरलं आणि म्हणाली, "पाई, ठाणा नाही. वारा. मी नाही जा." तिच्या डोळ्यांत कलकत्त्याचा नळ दिसत होता.

मी आणि अयांतू ठाण्यात गेलो. ठाणेदार दारव्ह्याकडचे, मिशा राखलेले, स्वभावाने कडक. मी शुद्ध भाषेत अर्ज केल्यासारखं बोलले. ते म्हणाले, "हुकूम वरून आला हाय, बाई. माह्या हातात काय हाय? जातीनं हजर म्हन्जे जातीनं."

तेव्हा अयांतू पुढे झाली. "साहेब, बाळंतीन हाय ना जी थे. वारा लागन तिले."

ठाणेदारांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "तुमच्या देशात बी वारा लागते काय?"

"लागते ना जी. बाळंतीन तं सगळीकडं सारकीच."

ठाणेदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "माह्या घरची मागच्या साली बाळंत झाली. माह्या मायनं मले बी खोलीत येऊ नाही देल्लं सव्वा महिना." मग त्यांनी हजेरीची वही पुढे ओढली. "असं करू. शिपाई दारापोत येईन. उंबरठ्याच्या आत पाय नाही टाकनार. बाहेरून हाक मारन, तिनं आतून आवाज द्यावा. आपली हजर झाली. पण आवाज तिचाच पायजे, अन् समजन असा पायजे."

त्या रात्री सू-इंगकडे येऊन मी आयुष्यातला सगळ्यात छोटा धडा शिकवला.

सोमवारी शिपाई आला. अंगणात उभा राहून त्याने काठी आपटली. "हाय काय वं बाई घरात?"

आतून उत्तर गेलं, "हाव जी! हाय मी!"

शिपायाने मान डोलावली आणि गेला. पुढच्या सोमवारी त्याने काठी आपटली नाही, पोट्टी झोपली असेल म्हणून. त्यानंतरच्या सोमवारी विचारलं, "पोट्टी दूध पेते काय?" सू-इंगने आतून सांगितलं, "पेते जी! लय पेते!" मी त्यात काही शिकवलं नव्हतं. ते 'लय' तिचं तिने मिळवलं होतं.

तो महिना मायने सांभाळला. बाजेखाली शेगडी, डिंकाचे लाडू, शेपा, आणि सू-इंगच्या सांगण्यावरून आल्याचं कोंबडीचं पाणी. ते मायने नाक मुरडत केलं आणि चाखून बघितल्यावर आमच्या घरीही सुरू केलं. चिनी महिना पुरा झाला तेव्हा सू-इंग उठू लागली. माय म्हणाली, "बस खाली. तुहा महिना झाला, आमचा सव्वा राह्यला." सू-इंग बसली. ती नावही सांगेना. चेन डॉक्टरांनाही सांगेना. घरात सगळे तिला नुसतं 'पोट्टी' म्हणत.

पुढचं आधीच सांगून टाकते. उन्हाळ्यात परवानगी मिळाली आणि ती तिघं कलकत्त्याला भावाकडे गेली. त्यानंतर कुठे, ते मला कळलं नाही. अयांतू मुकुटबनला गेली. वर्षभरात मराठीवर कोलामीही बोलू लागली आणि तिथल्या बायांना आनंदी सिस्टरशिवाय चालेनासं झालं. काही वर्षांनी तीही आपल्या देशी परतली. माझी मुन्शीगिरी पुढेही चालली, पण तशी चटई पुन्हा भरली नाही.

सव्वा महिना झाला त्या सोमवारी सू-इंग म्हणाली, आज मी जाणार. न्हाऊन, बाळाला मायने शिवलेलं कुंची-झबलं घालून, ती पहिल्यांदा उंबरठ्याबाहेर आली. एका बाजूला अयांतू, एका बाजूला मी, मागे चेन डॉक्टर लाल अंड्यांची टोपली घेऊन. बाजारातून जाताना कोणी काही बोललं नाही. लोहाराच्या दुकानापाशी एका म्हातारीने पदर सावरत बाळाच्या कानामागे काजळाचं बोट लावलं आणि बाजूला झाली.

ठाण्यात सू-इंगने पहिलं अंडं हाक मारणाऱ्या शिपायाला दिलं. त्याने आवाजाची बाई पहिल्यांदाच बघितली होती, तो लाजला. ठाणेदारांनी हजेरी मांडली, मग बाळाकडे बघून विचारलं, "हे बी मांडा लागन. नाव काय पोरीचं?"

सू-इंगने एकदा चेन डॉक्टरांकडे बघितलं. मग म्हणाली, "फिंग-आन."

चेन डॉक्टरांनी तोंड फिरवलं. मी त्यांना अर्थ विचारला. ते म्हणाले, "सही-सलामत, बाईजी." आपल्याकडे ज्याला सुखरूप म्हणतात ते.

"फिंगान," ठाणेदार लिहू लागले.

"नाही," सू-इंग म्हणाली. चीनशी लढाई झालेली, ठाणं भरलेलं, आणि ती ठाणेदाराला नाही म्हणत होती. "असं नाही. फिंग वर जा. आन सरळ." तिने बोटाने हवेत सूर काढून दाखवला. एक चढता, एक सपाट आणि लांब.

ठाणेदारांनी टाक खाली ठेवला. पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. शिपायाने म्हणून बघितलं, मी म्हणून बघितलं, अयांतूने म्हटलं, तिच्या घशात टक् झालं. सू-इंग एकेकाला दुरुस्त करत राहिली, न घाबरता, न थकता, जशी मी तिला करायची. शेवटी ठाणेदारांच्या मिशांमधून ते बरोबर निघालं, वर चढून, मग सरळ.

सू-इंग म्हणाली, "हाव जी. हेच."

अयांतूने जीभ टाळ्याला लावून उलुलुलु असा एक लांब आवाज काढला. तिच्या देशात आनंदाला तसाच आवाज काढतात. कोठडीतले दोघं उठून गजांशी आले, शिपायाच्या हातून अंडं पडता पडता राहिलं, आणि बाळ दचकून जागं झालं.

सू-इंगने तिला वर उचललं आणि सगळ्यांसमोर, भर ठाण्यात, आपल्या मुलीला पहिल्यांदा नावाने हाक मारली.